डावीकडचे दार

जुन्नर, ता. ११ सप्टेंबर १९०८

आज विसावा माणूस मला भाग्यवान म्हणून गेला. आधीचे एकोणीस मी लक्षात ठेवले आहेत. "अठाई पुरी करून गेली, सुवालालजी! असं मरण कोणाच्या वाट्याला येतं!" मी कापड मोजायचा गज हातात धरून उभा होतो. तो त्याच्या टाळक्यात घालावा असे वाटले. घातला नाही. "बसा" म्हणालो आणि धोतरजोड्या दाखवल्या.

तिचे नाव मी कधी मोठ्याने घेतले नाही. इथे लिहितो. पानबाई. वय सव्वीस, माहेर निरगुडसर. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. दोन झाली ती मेलेलीच झाली.

पर्युषणात तिने आठ दिवस निराहार उपवास केला, तीच अठाई. दिवस असेपर्यंत उकळून गार केलेले पाणी, बाकी काही नाही. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, वाजंत्री लावून तिला बाजारपेठेतून साधूंच्या स्थानकात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आपल्या हाताने पारण्याचे मुगाचे पाणी पाजले. दोन घोट घेतले, तिसऱ्याला ठसका लागला. मग तोंडाला गुलाबी फेस आला. आम्ही आडवी करू गेलो तर ती होईना. बसल्या बसल्याच दहाच्या आत संपली. त्याला आज अकरा दिवस झाले.

शाळेतली ही वही अर्धी कोरी होती. घरात कोणाशी बोलावे असे नाही म्हणून लिहीत आहे.

ता. १३ सप्टेंबर

आई म्हणते, स्थानकाला तिच्या नावाने चार पाट करून द्यावेत. म्हणे गावात एवढी मोठी तपश्चर्या कोणाच्या सुनेने केली नाही. हीच आई श्रावणात तिला ऐदी म्हणत होती. जिन्यात दोनदा बसते, नाटकी आहे, म्हणत होती. आता पाट!

जेवण टाकून उठलो आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टर कडक आहेत, पण खोटे बोलत नाहीत. त्यांना म्हटले, ती कशाने गेली ते सांगा.

"औषधाचे थेंब चालू होते ना?" त्यांनी विचारले.

"उपवासात औषध चालत नाही. आठ दिवस बंद होते."

डॉक्टरांनी टेबलावर इतक्या जोराने हात मारला की भिका कंपाउंडर दारातून डोकावला. "तुला कोणी बोलावलं?" म्हणून त्याला घालवले. मग मला म्हणाले, "हे कोणी ठरवलं?"

"घरात ठरलं."

"घरात म्हणजे कोणी? भिंतींनी?"

मी सांगितले की आधी तीनच उपवासांचे ठरले होते. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांची सूज उतरली. जिना न थांबता चढली. सगळे म्हणाले, तपाचा गुण आला, आता आठ होऊ द्या.

"उतरणारच! पोटात अन्न नाही, मीठ नाही. अंगात साठलेलं पाणी जाणारच. पाणी गेलं, पण दुखणं गेलं का? त्या थेंबांवर तिचं काळीज आवरून धरलं होतं. ते सोडलंत आणि वर तिला मिरवलंत."

मग त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवले. चार खोल्या, वर दोन, खाली दोन. अंगभर फिरून मळलेले रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येते, तिथून खालच्या खोलीत उतरते. खालची खोली आवळते आणि ते फुप्फुसांत धाडते. तिथे हवा मिळून ते लाल होते आणि डावीकडच्या वरच्या खोलीत येते. तिथून दारातून डावीकडच्या खालच्या खोलीत. ती सगळ्यांत दांडगी. ती आवळली की रक्त पार पायाच्या नखापर्यंत जाते. प्रत्येक दार एकाच बाजूला उघडते, उलटे उघडत नाही.

"तुमच्या बायकोचं हे दार," त्यांनी डाव्या दोन खोल्यांमध्ये पेन्सिल टेकली, "लहानपणच्या सांध्यांच्या तापानं आवळून गेलं होतं. आवाजावरून सांगतो, ही पेन्सिल जेमतेम गेली असती. आता रक्त कुठं तुंबणार, सांगा."

त्यांनीच पेन्सिल मागे नेली.

"मागं! फुप्फुसात. म्हणून दम. तिथंही मावेना म्हणजे त्याच्या मागं, उजवीकडे. म्हणून पायांवर सूज."

कागद खिशात घालून आलो.

ता. १४ सप्टेंबर

कागद चार वेळा उतरवून काढला. उजवी खोली आणि डावी खोली यांत एकच भिंत आहे. रक्त सरळ भिंतीतून पलीकडे का जात नाही? एवढा वळसा कशाला? असल्या बांधणीत माणूस जगतो कसा याचेच नवल वाटते. एक दार बिघडले की सगळे घर तुंबते.

दुकानात भाग्यवान म्हणणारे एकवीस झाले.

ता. १७ सप्टेंबर

स्थानकात चातुर्मासासाठी महाराज उतरले आहेत. त्यांच्याशी भांडायला गेलो. बोलायचे ते वाटेत दोनदा मनात म्हणून घेतले होते. व्याख्यान संपून माणसे पांगल्यावर पुढे गेलो आणि म्हणालो, "महाराज, आजारी बाईला आठ उपवास करायला लावणं कोणत्या सूत्रात आहे?"

मला वाटले ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"कोणत्याच नाही," ते म्हणाले. "आजाऱ्यानं औषध घ्यावं, अन्न घ्यावं. तप पुढं कधीही होतं. म्हणून तर मी दर वेळी विचारतो, प्रकृती ठीक आहे ना, घरच्यांची आज्ञा आहे ना. चौथ्या दिवशीही विचारलं. आपण तिच्या मागेच उभे होता."

उभा होतो. मान हलवली होती. तिथे शंभर माणसे होती, बायकोच्या पायांची आणि छातीची चर्चा त्यांच्यासमोर काय करायची?

माझे भांडण राहून गेले. घरी येताना त्यांचा जास्तच राग आला. माणसाने निदान थोडे चुकावे.

ता. २२ सप्टेंबर

सासरे आले. रिखबचंदमामा, निरगुडसरला किराणा आहे. आई त्यांना बघून रडली, ते रडले. मग आईने गुळाचा शिरा केला. म्हणजे दोघांचे आधीच काही ठरले होते.

जेवण झाल्यावर मामा म्हणाले, "जावईबापू, पानाच्या जागी तिची धाकटी बहीण रुक्मिणी आहे. चौदावं सरलं. घरची मुलगी घरात राहील, दोन घरांचं नातं तुटायचं नाही."

आई म्हणाली, "मी हो म्हटलंय."

माझ्या बायकोला जाऊन तीन आठवडे झाले आहेत. मी म्हटले, "एवढी घाई कसली?"

"घाई नव्हे, बापू. आळे गावचं एक स्थळ विचारतंय. बिजवर आहे, चाळिशीचा. तुमच्याकडं दिली तर माझ्या जिवाला शांती. शिवाय रुक्मिणी सगळी पानावर गेली आहे. तसाच हात, तसाच रंग. लहानपणी गुडघेसुद्धा तसेच सुजायचे हो! आज हा, उद्या तो. ताप यायचा. आमची ही म्हणायची, बहिणी बहिणी सारख्या."

मामा हसत होते. आईही हसली.

मी विचारले, "आता? आता तिला दम लागतो का?"

"कोवळी पोर, तिला कसला दम!" मामा म्हणाले. पण आधी त्यांनी माझ्या आईकडे पाहिले.

ता. २९ सप्टेंबर

डॉक्टरांना विचारले. म्हणाले, नळी लावून ऐकल्याशिवाय काही सांगणार नाही. पण सांध्यांचा ताप आला होता म्हणता, तर बिघाड असू शकतो, आणि तसा असेल तर ती बाळंतपणात जाईल, किंवा पानबाईसारखी आधी खूप दिवस मरत राहील.

मामांना तसे पत्र लिहिले. उत्तर आले, कुमारिकेच्या छातीला परक्या पुरुषाने नळी लावलेली कळली तर तिला कोणी दारात उभी करणार नाही. पुढे लिहिले होते की तुम्हाला नको असेल तर स्पष्ट सांगा, आळ्याचे लोक दिवाळीनंतर येणार आहेत.

पत्र फाडले. नंतर तुकडे वेचावे लागले, कारण आई झाडायला येत होती.

ता. ४ ऑक्टोबर

आज जे केले ते आमच्या सात पिढ्यांत कोणी केले नसेल.

कागदावरून मला ते हृदय कळत नव्हते. रुक्मिणीच्या बापाला समजावायचे तर आधी मला कळले पाहिजे. डिंगोऱ्याचा गेणू माझ्या शेजारी चौथीपर्यंत शाळेत होता. आज खंडेनवमी, त्याच्याकडे बोकड पडतो. सकाळीच गाडी करून गेलो.

"काय शेठ!" गेणू अंगणातूनच ओरडला. "खंडेनवमीला मारवाडी डिंगोऱ्यात? वाट चुकली का गिऱ्हाईक चुकलं?"

"आज बोकड कापणार ना?"

"कापनार हाय. का, सोडवून न्यायला आलाय? आमच्या नवसाचा हाय राव, त्यो सोडत न्हाई."

"सोडवायचा नाही. मला त्याचं हृदय बघायचं आहे. कापून, आतून."

गेणूने मुंडासे काढून मांडीवर ठेवले. "चिमे," त्याने बायकोला हाक मारली, "भायेर ये. सुवाशेठला बोकडाचं काळीज पायजे."

चिमाबाई आतूनच म्हणाली, "कच्चं का शिजवून?"

मग ती बाहेर आली. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पदर नीट करून म्हणाली, "हसू नगा त्यान्ला. बसा भाऊ."

बोकड मुलाण्याने कापला तेव्हा मी पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. आवाज ऐकू आला. नंतर त्याने हृदय परातीत घालून आणले. मुठीएवढे. अजून गरम होते, वाफ दिसत होती. मुलाणी म्हणाला, "शेठजी, आपण हात नका लावू. मी दावतो."

त्याने सुरीने वरून हलकेच उघडले. उजवी बाजू पातळ, रिकाम्या पिशवीसारखी. डावी बोटभर जाड, घट्ट. मधली भिंत सलग. तिला कुठेही भोक नाही. आणि डावीकडे, वरच्या खोलीतून खालच्या खोलीत, ते दार. दोन पातळ पांढरे पडदे, आणि त्यांच्या कडांना सुतासारखे दोरे, खालच्या भिंतीत बांधलेले. दार उलटे फिरू नये म्हणून.

"पानी वता," गेणू म्हणाला. त्यालाही आता बघायचे होते. तांब्यातून वरच्या खोलीत पाणी ओतले. ते सहज खाली गेले. मुलाण्याने अंगात रक्त नेणाऱ्या वरच्या मोठ्या नळीवर अंगठा दाबून खालची खोली मुठीत आवळली. दोन्ही पडदे फुगून वर आले आणि एकमेकांना चिकटले. एक थेंब परत वर आला नाही. मग त्याने अंगठा काढला. पाणी नळीतून उडाले, गेणूच्या धोतरावर पडले.

"आरं तिच्या!" गेणू म्हणाला. "लई बेस काम हाय की. येवढी बोकडं खाल्ली, ह्ये कदी बगितलं न्हवतं."

मी त्या दारात बोट घातले. मग दोन बोटे घातली. दोन्ही सहज गेली. बोकडाच्या दारात माझी दोन बोटे जातात, आणि तिच्या दारातून पेन्सिल जेमतेम गेली असती.

एवढे सोपे होते हे! हे मला ज्येष्ठात कोणी दाखवले असते तर! शाळेत मला हिंदुस्थानातल्या सगळ्या नद्या पाठ करायला लावल्या आणि छातीत काय आहे ते कोणी शिकवले नाही.

चिमाबाईने माझ्या हातांवर पाणी घातले. "पानाताई गेल्या तवा तुमी रडला न्हाई म्हनं," ती म्हणाली.

"नाही."

"मंग येवढ्या रागानं कुनाकडं बगताय?"

मी हात पुसून गाडीकडे निघालो. तिला काय कळणार?

ता. ५ ऑक्टोबर

काल बातमी माझ्या गाडीच्या आधी घरी पोचली होती. आईने मला अंगणात उभे करून आठ घागरी पाणी ओतले. कपडे जाळले. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, ताट बाहेर मिळेल. शेजारच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

"तुझी बायको तपात गेली आणि तू खाटकाच्या परातीत हात घालतोस!" आई म्हणाली.

मी आईला आजवर उलटून बोललो नव्हतो. काल बोललो. गल्लीने ऐकले. "तप, तप! तू तिला ऐदी म्हणत होतीस. दम लागून बसली की नाटकी म्हणत होतीस. पाण्याच्या दोन घागरी एकदम चढवायला लावत होतीस."

आई मागे सरली नाही. "होय, म्हणत होते. लावत होते. मला काय ठाऊक तिच्या छातीत काय आहे? मला येऊन कोणी सांगितलं? तुला तरी ठाऊक होतं का?"

मी वर निघून आलो.

थोड्या वेळाने ती जिन्याखालून म्हणाली, "निरगुडसरला हा बोकडाचा प्रकार कळायच्या आत सगाई उरकून घे."

ता. ११ ऑक्टोबर, निरगुडसर

काल निघालो, रात्री मंचरला मुक्काम केला, आज सकाळी इथे पोचलो. मामा बाहेरगावी गेले होते, संध्याकाळी येणार होते. ओसरीवर त्यांची विधवा बहीण सोनीबाई तुरीची डाळ निवडत होती. तिला कमी ऐकू येते. रुक्मिणी पाणी घेऊन आली. तांब्या ठेवून खांबाला धरून उभी राहिली. मी तिच्या गळ्याकडे पाहिले. शीर उडत होती.

"जिजाजी, तुम्ही बोकडाला हात लावला म्हणे."

म्हणजे इथेही कळले होते. "लावला."

"का?"

मी ते मामांना सांगायला आलो होतो. पण तिने विचारले, म्हणून सोनीबाईपुढचे सूप ओढले आणि डाळीत बोटाने चार खण पाडले. मळके रक्त इथे येते, इथून खाली, इथून फुप्फुसात, तिथून लाल होऊन इथे, मग या दारातून इथे, आणि सगळ्या अंगात. सोनीबाई म्हणाली, "अरे, निवडलेली आहे ती!"

रुक्मिणी उकिडवी बसली. तिने डाव्या दोन खणांमधली वाट बोटाने चिमटून बारीक केली. "ही अशी झाली तर मागची डाळ इथं साठणार. इथं मावली नाही तर आणखी मागं."

मला हे कळायला बोकड लागला होता.

"जीजीचं हेच दार का?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

आजवर कोणी विचारले नव्हते असे नाही. आईनेही विचारले होते. पण रुक्मिणी उत्तरासाठी थांबली.

"ज्येष्ठात," मी म्हटले. "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. जिना नको, ओझं नको, थेंब चुकवायचे नाहीत, पुन्हा मूल नको."

"तुम्ही जीजीला काय सांगितलंत?"

"थेंब घे म्हणालो."

"आणि?"

"आणि काही नाही."

"का?"

याचे उत्तर मी तिला दिले नाही, इथेही नीट देता येत नाही. आमच्या घरात नवरा-बायको दिवसा बोलत नाहीत. आईला सांगितले असते तर फुटके भांडे गळ्यात बांधले म्हणून निरगुडसरपर्यंत शिव्या गेल्या असत्या. मला वाटले, थेंबांनी भागेल. मग उपवासात सूज उतरली तेव्हा वाटले, डॉक्टरच चुकला. संवत्सरीच्या दिवशी तिने मला विचारले होते, "टांगा मिळेल का?" मी म्हटले, "सगळ्या चालत जातात." मी वाजंत्रीच्या पुढे चालत होतो. मला बरे वाटत होते. लोक बघत होते.

रुक्मिणी म्हणाली, "आडावर दोन घागरी शेंदल्या की माझ्या कानात धडधड ऐकू येते. आत्याला सांगितलं तर म्हणाली, वय आहे. तुम्ही मला हे सांगायला आलात का मागायला?"

"सांगायला."

"मग माझ्या बापूजींसमोर सांगाल?"

"बघतो."

"जीजीच्या वेळीही बघतोच म्हणाला असाल," ती म्हणाली आणि सूप सोनीबाईपुढे सरकवले.

संध्याकाळी मामा आले. मी सांगितले, आधी डॉक्टर ऐकतील, मग सगाईची गोष्ट. मामा ओरडले, "माझ्या पोरीच्या छातीला नळी? आमच्या घराला काही अब्रू आहे की नाही?"

आतून आवाज आला, "मी लावून घेणार आहे."

मामा दाराकडे वळले. "तू आत बस!"

"आतच आहे," रुक्मिणी म्हणाली. "इथूनच सांगते. नाही नेलंत तर आळ्याचे लोक येतील तेव्हा मी बाहेर येऊन त्यांनाच विचारीन, तुमच्या गावात डॉक्टर आहे का."

ता. २० ऑक्टोबर, जुन्नर

आज ते तिघे आले. मामा, सोनीबाई, रुक्मिणी.

डॉक्टरांनी सोनीबाईला खोलीतच बसवले आणि लुगड्यावरूनच नळी लावली. छातीवर, बगलेखाली, पाठीवर. डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मामा भिंतीवरच्या औषधांच्या बाटल्या वाचत होते. रुक्मिणी म्हणाली, "मला ऐकू द्या."

डॉक्टरांनी नळीची टोके तिच्या कानांत दिली. ती ऐकत बसली. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. "दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी घासतंय," ती म्हणाली.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "तेच. पण दार अजून पुष्कळ उघडतंय. जपून राहिलीस, घसा धरला, ताप आला की लगेच दाखवलंस, तर म्हातारी होशील. बाळंतपण मात्र नाही. एकही नाही." मग मामांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत?"

मामांनी ऐकले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "हे चौघांच्या बाहेर जायचं नाही. आणि जावईबापू, आता तर तुमच्याच घरी द्यायला पाहिजे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्ही जपाल. बाहेर कोण जपणार तिला?"

खरे लिहितो. घरी पोचेपर्यंत मला ते पटले होते. मी तिला जिना चढू देणार नाही, थेंब मी स्वतः मोजून देईन, असे सगळे ठरवूनही झाले. पानबाईसाठी जे केले नाही ते हिच्यासाठी करीन. आईला फक्त मुलाबाळांचे सांगायचे नाही.

घरी आईने ओसरीवर पाट मांडला होता. कुंकू, नारळ, नवे लुगडे. आमच्याच दुकानातले, हिरवे. "बस गं," ती रुक्मिणीला म्हणाली.

रुक्मिणी पाटावर बसली नाही. आईच्या समोर जमिनीवर बसली. नारळ बाजूला केला, बोट कुंकवात बुडवून फरशीवर चार खण काढले. "मावशी, हे बघा." आणि सांगत गेली. मळके रक्त इथे येते, इथून इथे. फुप्फुसात जाते, लाल होते. डावीकडे येते, या दारातून खाली. जीजीचे हे दार मिटत आले होते, म्हणून ती जिन्यात बसत होती. माझे थोडे बिघडले आहे. मला मूल झाले तर मी मरेन. मामा मध्येच "रुक्मिणी!" म्हणाले, दोनदा. ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, "जिजाजींना हे ज्येष्ठातच ठाऊक होतं."

आई त्या चार खणांकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

"ज्येष्ठात?"

"हो."

"म्हणजे मी तिला जिन्यातनं ऐदी म्हणून ओरडत होते, तेव्हा तू खाली दुकानात बसून ऐकत होतास."

"हो."

मला वाटले, आई मारील. लहानपणी मारत असे. तिने नारळ उचलला, लुगड्यात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर आली ती मामांपुढे उभी राहिली. तिचा आवाज गल्लीत जात होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

"रिखबचंदजी, तुमची पोर मी मागितली होती. आता नको. एक या घरात मी मारली, या पोरानं मारली, दुसरी मारायची नाही. आणि दुसरीकडंही द्यायची नाही. आळ्याला दिलीत तर मी स्वतः गाडी करून आळ्याला जाईन आणि त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगेन. घोडेगावला दिलीत तर घोडेगावला जाईन."

मामा म्हणाले, "तुम्ही माझ्या पोरीचं आयुष्य मोडताय!"

"लग्न मोडतेय," आई म्हणाली. "आयुष्य राहू द्या तिला."

मामा जे बोलले ते लिहीत नाही. पानबाईचे नाव घेऊन आम्हाला बोलले, आणि त्यात खोटे काही नव्हते. जेवायला कोणी थांबले नाही.

गाडी जुंपली. मामा पुढे बसले, सोनीबाई मागे. मी रुक्मिणीला चढायला हात द्यायला गेलो. तिने गाडीचे लाकूड धरले, एकदा दम घेतला आणि आपली आपण चढली. मला वाटले होते ती काही बरे बोलेल. तिच्यासाठी मी बाटलो होतो. तिच्यासाठीच निरगुडसरपर्यंत गेलो होतो.

"जिजाजी," ती म्हणाली, "सांगायला आलात ते बरं केलंत. आता पुन्हा आमच्याकडं येऊ नका."

"आजारी पडलीस तर?"

"डॉक्टर आहेत. रस्ता मला ठाऊक झाला."

मी चाकाशी उभा होतो. गाडीवानाने कासरा हातात घेऊन माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हाकू का, शेठ?"

मी तोंड उघडले, तेवढ्यात ती आतून म्हणाली, "हाका."